आ कर सर

सरांना माणसाचं नाव आठवत नाही, दाढ आठवते. मूर्तिजापूरच्या बसस्टँडवर मिशा फुटलेला, खांद्यावर लेकरू घेतलेला एखादा गडी पाया पडायला वाकतो. ‘सर, ओयखलं नाई काय मले? तेराची बॅच.’ सर कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहतात. गडी ओशाळून हसतो आणि त्या हसण्यात सरांचं काम होऊन जातं. ‘अबे, वरचा डावा सुळा! बहिणीच्या लग्नात बुंदीच्या लाडवानं टवका उडाला होता तुहा.’ मग खांद्यावरच्या लेकराकडे वळून, खिशातला टॉर्च काढत म्हणतात, ‘आ कर बेटा.’

लेकरू भोकाड पसरतं. सरांना तेच हवं असतं. रडणारं पोर तोंड पूर्ण उघडतं, खालची मागची दाढसुद्धा दिसते.

हजेरीपत्रकावर सरांचं व्यवस्थित तीन पदरी नाव आहे आणि पगारही त्याच नावावर निघतो. पण पंचक्रोशीत विचाराल तर ‘आ कर सर’. गावात कोणाच्या घरी पाहुणे आले की लहान पोरं त्यांना आधीच बजावून ठेवतात, सर दिसले तर हसू नोका. गल्लीतून सर चालले की दोन्ही बाजूंची पोट्टी तोंडावर हात ठेवून उभी राहतात. नव्या माणसाला वाटतं, काय शिस्त आहे!

असा माणूस वऱ्हाडातल्या प्रत्येक पंचायत समितीत एक तरी सापडतो. सरकार अभियान काढतं, बाकीचे त्याचा अहवाल पाठवतात, आणि हा ते मनावर घेतो. हागणदारीमुक्तीच्या दिवसांत ‘गुड मॉर्निंग पथका’त सर पहाटे चारला शिट्टी घेऊन नाल्यावर जात. एकदा अंधारात त्यांनी केंद्रप्रमुखांच्या मेव्हण्याला शिट्टी मारून उठवलं, तेव्हापासून त्यांची बदली सोयीच्या शाळेत झालेली नाही. वृक्षलागवडीच्या साली ते बकऱ्यांशी भांडले. पल्स पोलिओत एका पोराच्या बोटावर शाई दिसेना म्हणून त्याच्या मामाच्या गावापर्यंत गेले. मतदार यादी आणि खिचडीचे तांदूळ ही कामं काय सगळ्याच मास्तरांच्या गळ्यात असतात. सरांना ती गळ्यात असल्याचं जाणवत नाही, एवढाच फरक.

दात त्यांच्या वाट्याला आले ते गाडीतून. २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी. दोन डॉक्टर, एक औषधवाले, एक सिस्टर असं पथक; अंगणवाडीला वर्षातून दोनदा आणि शाळेला एकदा. तिसेक आजारांची यादी, त्यात हृदय आहे, कान आहेत, आकडी आहे आणि किडलेले दातही आहेत. या पथकाची गाडी शाळेत आली त्या दिवशी सर मुलांना रांगेत उभं करण्यापुरते होते. पण डॉक्टर मॅडम एकामागून एक पोराला आ करायला लावत होत्या आणि बाजूला बसलेले औषधवाले कागदावर ‘दात, दात, दात’ लिहीत होते. सरांनी मागून डोकावलं. त्यांना वाटलं, हे भाऊ गंमत करून राह्यले.

‘मॅडम, हे सारेच किडले काय जी?’

‘सारे नाई सर. थोडे वाचले हायेत. थे पहिलीतले, दात पडलेले.’

त्या रात्री सर झोपले नाहीत असं त्यांच्या मंडळी सांगतात. आम्ही अमरावतीहून अप-डाऊन करणारे सहा-सात मास्तर बडनेऱ्याहून एकाच डब्यात असतो. दुसऱ्या दिवसापासून पत्त्यांच्या डावात सरांचं लक्ष राहिलं नाही. २००२-०३ मध्ये देशभर दातांची पाहणी झाली होती. पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले निघाले होते. हे त्यांना कुठूनसं समजलं आणि डब्यातल्या प्रत्येक प्रवाशाला समजलं. चनाजोरवाला त्या डब्यात चढेनासा झाला.

आता चिठ्ठीबद्दल सांगायला हवं, कारण सरांचं खरं वैर चिठ्ठीशी आहे. पथक दात भरत नाही, चिठ्ठी देतं. पुढे उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर अकोल्याला सर्वोपचार. चिठ्ठी पोराच्या दप्तरात जाते, दप्तरातून कंपासपेटीत, आणि पोळ्याच्या सुमारास तिचा कागदी बैल होतो. पोरं चिठ्ठ्या हरवतात असं मानून सर पहिल्या वर्षी पोरांवर रागावले. मग ते घरोघर गेले तेव्हा कळलं की चिठ्ठ्या हरवलेल्या नाहीत, नीट वाचून बाजूला ठेवलेल्या आहेत. कापूस फुटलेला, वेचाई किलोवर. दवाखान्याला एक दिवस गेला म्हणजे माऊलीची मजुरी गेली, वर एसटीचं भाडं, तिथं रांग, आणि ‘पुढच्या आठवड्यात या’.

‘आन थे दुधाचे दात व्हय सर. पडणारच हायेत ना? पडणाऱ्या दातासाठी कोण जाईन अकोल्याले?’

हा युक्तिवाद गावातल्या सगळ्या आयांनी जणू ग्रामसभेत ठराव करून मंजूर केलेला आहे. सर त्याला एकच उत्तर देतात. प्रत्येक ओट्यावर ते पोराला उताणं झोपवून, टॉर्च मारून, आईला आत बघायला लावतात. ‘हे पाह्य माय. मोज पाचवा. याच्या मांगे सहावी दाढ दिसून राह्यली ना? थे दुधाची नोय. सहा वर्षाचा झाला का थे गुपचूप मांगून निंगते. कोणता दात पडत नाई, दुखत नाई, म्हणून कोणाले समजत नाई. सारे म्हनते दुधाची हाय. थे मरेस्तोवरची हाय!’ हे अगदी खरं आहे आणि मी स्वतः दोन मुलं वाढवूनही मला ते सरांमुळेच कळलं. आमच्या घरात सहाव्या वर्षी पोराला सायकल आणली होती. दाढ आली तिकडे कोणी पाहिलं नाही.

तपासणीचे कार्यक्रम सरकारला चांगले जमतात, कारण तपासलेली तोंडं मोजता येतात. पण पोरांच्या दातांचा निकाल रात्री साडेनऊला लागतो, जेवण झाल्यावर, टीव्हीसमोर पेंगताना. त्या वेळेचा अहवाल कोणालाच मागवता येत नाही. सरांना ही अडचण वाटत नाही. ते रात्री साडेनऊला जातात.

यासाठी त्यांनी आधार घेतला तो गाडगेबाबांचा. बाबांचं बालपण गेलं ते मामाचं गाव दापुरा आमच्याच मूर्तिजापूर तालुक्यातलं, त्यामुळे बाबांवर सर जरा घरचा हक्क सांगतात. ‘बाबांनं गाव झाडलं राजेहो. तोंड आपल्यावर सोडून गेले.’ २० डिसेंबरला बाबांच्या पुण्यतिथीला मारुतीच्या पारावर सर उभे राहतात. बाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तरं वदवून घेत. सरांनी ती पद्धत उचलली, आवाज मात्र त्यांना कवायतीचा आहे.

‘रातच्याले जेवल्यावर भांडे घासता का नाई?’

‘घासतो!’

‘का उष्टेच ठेवता सकायपर्यंत?’

‘नाई!’

‘काहून नाई?’

‘मुंग्या लागते! वास येते!’

‘मंग तोंड काहून उष्टं ठेवता रे बाप्पा?’

पारावर शांतता. मागून एक बुढी म्हणाली, ‘भांडे सून घासते सर. तोंड कोण घासीन?’ तेव्हापासून कीर्तनाचा तेवढा भाग सर जरा घाईनं उरकतात.

३० मे २०२३ ला मुंबईत ‘स्वच्छ मुख अभियाना’साठी सचिन तेंडुलकरांना हसरा चेहरा म्हणून नेमलं, त्या दिवशी सरांना वाटलं की आपलं निम्मं ओझं उतरलं. त्यांनी वर्तमानपत्रातला फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून सातवीच्या भिंतीला लावला. पोरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, बॅट कधी येणार? अभियानात पाच संदेश होते. त्यातला ‘वर्षातून दोनदा दातांच्या डॉक्टरकडे जा’ हा संदेश सरांनी पालकसभेत वाचला. सभा इतकी मनापासून हसली की सरांना बऱ्याच जणांचे दात एकदम तपासता आले. पण दुसऱ्या एका संदेशानं खरा घोटाळा केला. त्यात चूळ भरण्याचं होतं. आणि सर तर गेली काही वर्षं ‘चूळ भरू नोका’ म्हणून गाव डोक्यावर घेत होते.

ही चूळबंदी स्कॉटलंडहून आली. तिकडे बालवाडीतल्या पोरांना रोज शाळेतच, बाईंच्या देखत, फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासायला लावतात आणि शेवटी फक्त थुंकायला सांगतात. चूळ भरली की दाताला लागलेलं फ्लोराइड धुऊन जातं. तिथल्या पोरांची कीड यानं कमी झाली. सरांनी हे वाचलं आणि खिचडीनंतर व्हरांड्यात आमचं स्कॉटलंड सुरू झालं. एका फळीला खिळे, प्रत्येक खिळ्याखाली नाव, नावावर ब्रश. पेस्ट सर स्वतः देत, मटाराच्या दाण्याएवढी. अंगणवाडीतल्या धाकट्यांना तांदळाच्या दाण्याएवढी. टीव्हीवरच्या जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट दाखवतात तिच्यावर सरांचा इतका राग की जाहिरात लागली की ते समोरच्याचा टीव्ही बंद करतात.

घासून झालं की सर ओरडत, ‘थुका! चूळ नाई!’ दुसऱ्याच दिवशी चार आज्या शाळेत. चूळ न भरता उठायचं? पेस्टीचं तोंड घेऊन देवाजवळ जायचं? हे कोणत्या शास्त्रात आहे? सर म्हणाले, स्कॉटलंडमध्ये. आज्यांनी स्कॉटलंडबद्दल जे मत दिलं ते इथं लिहिता येत नाही. मदतीला आलं आमचं पाणी. खारपाणपट्टा आहे हा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखाली जे पाणी लागतं ते तोंडात धरवत नाही. नळ येत नाही त्या आठवड्यात हापशीच्या पाण्यानं चूळ भरण्यापेक्षा न भरलेली बरी असं पोरांचं मत पडलं आणि स्कॉटलंडचा विजय झाला. पुढे पाच संदेशांचा पेच सरांनी असा सोडवला: खाल्ल्यावर चूळ भरायची, घासल्यावर नाही. पोरांनी तो गणिताच्या सूत्रासारखा पाठ केला आणि गणितासारखाच परीक्षेत उलटा लिहिला.

घरी दिलेल्या ब्रशांचं काय झालं याचा शोध हा सरांच्या आयुष्यातला दुःखद भाग. एका घरी ब्रश बापाच्या फटफटीचा प्लग साफ करत होता. एका घरी मायच्या मेंदीत. एका पोराचा ब्रश म्हशीच्या कानामागं चालू असलेला सरांनी डोळ्यांनी पाहिला. ‘अबे, थे तुह्या तोंडाचा होता ना?’ पोरगं म्हणालं, ‘सर, आता तिले सवय झाली.’

नवे ब्रश आणायचे कुठून? शाळेत वाढदिवसाला पोरं चॉकलेट वाटतात. सरांनी फर्मान काढलं: चॉकलेट बंद, ब्रश वाटा. त्या वर्षी आमच्या शाळेत एकाही विद्यार्थ्याचा वाढदिवस आला नाही. जन्मतारखा दाखल-खारिज रजिस्टरात असतात हे पोरं विसरली होती. सरांनी रजिस्टर काढून भिंतीवर यादीच लावली. मग सरपंचांच्या नातवाचा पहिला ब्रश वाटला गेला, त्यावर सरपंचांचा फोटो छापायला जागा नाही ही तक्रार वगळता समारंभ चांगला झाला.

शाळेसमोरच्या किराणावाल्याशी मात्र सरांचं सात-आठ महिने बोलणं बंद होतं. त्याच्याकडे नळीतली पेप्सी, गोळ्या, बोरकूट, कुरकुऱ्यांच्या माळा. सरांनी बंदी घातली असती तर भांडण सोपं झालं असतं. सरांनी त्याऐवजी पोरांना वेळापत्रक दिलं. दर वेळी गोड पोटात गेलं की तोंडात आम्ल तयार होतं आणि वीस-तीस मिनिटं दात झिजवतं. म्हणून दिवसभर एकेक गोळी चघळण्यापेक्षा सगळ्या खिचडीबरोबर एकदम खा आणि मोकळे व्हा. परिणाम असा की मधल्या सुट्टीत दुकानावर जत्रा आणि उरलेला दिवस माश्या. दुकानदार चिडला, मग त्यानं हिशेब केला, मग कुरकुऱ्यांच्या माळांमध्ये ब्रशांची एक माळ लटकावली. आता तो स्वतःच पोरांना सांगतो, रात्री घास बे, नाई त सर मले बोलते. खर्ऱ्याच्या ठेल्यानं मात्र इतकं मनाचं मोठेपण दाखवलं नाही. कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही. सरांनी सातवीच्या पोरांना टेप देऊन भूमितीच्या तासाला अंतर मोजायला लावलं. ठेला दुसऱ्या दिवशी उचलला गेला आणि बरोबर एकशे एकाव्या यार्डावर लागला. पोरांची मोजणी अचूक होती याचं सरांना कौतुक वाटलं ते वाटलंच.

अमरावतीला आणि अकोल्याला दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत, त्यांची पोरं-पोरी कधी कधी शिबिराला येतात. पांढरे कोट, आणि त्यांतली निम्मी मंडळी पुण्या-मुंबईकडची. ‘दाढ ठणकून राह्यली’ म्हटलं की एकमेकींकडे बघतात. सर दुभाषे होतात आणि टॉर्चही धरतात. या शिबिरातली एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी असते. मशीन नाही, सुई नाही, वीज नाही. हातातल्या छोट्या हत्यारानं कीड खरवडायची आणि काचेच्या पुडीचं ओलं सिमेंट बोटानं दाबून भरायचं. त्यातून पुढे फ्लोराइडही झिरपत राहतं. खाटेवर झोपवून दाढ भरून होते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हे सिमेंट आणि फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. सरांनी त्या यादीचा उल्लेख पंचायत समितीच्या प्रत्येक बैठकीत केला आहे, वृक्षलागवडीच्या बैठकीतसुद्धा.

अप-डाऊनच्या गाडीत आम्ही त्यांना छेडतो. जून २०२२ मध्ये आमच्याच हमरस्त्यावर, लोणी ते माना, ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीजमध्ये नाव गेलं. तालुक्यात पेढे वाटले गेले. सरांनी पेढा खाल्ला, थुंकून ब्रश केला आणि म्हणाले, ‘पंच्याहत्तर किलोमीटर भरला राजेहो. आमच्या पोट्ट्याची दाढ गव्हाच्या दाण्याएवढी हाय. तिले तारीख भेटून नाई राह्यली.’

त्यांच्या मंडळींची बाजूही ऐकण्यासारखी आहे. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांचं घर आहे. पुतणीला पाहायला मुलगा आला तेव्हा सर चहा घेऊन बाहेर आले, मुलाचं नाव, गाव, पगार काही न विचारता दोन मिनिटं त्याला बोलतं ठेवलं आणि आत येऊन सांगितलं, ‘खर्रा खाते. खालच्या ओठात डाव्या बाजूनं.’ लग्न मोडलं. दोन वर्षांनी कळलं की ठीकच झालं. पण बाई म्हणतात, दोन वर्षं मला माहेरी तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि माहेरच्यांनाही, कारण यांनी तेही तपासलेलं.

गेल्या साली लेखापरीक्षण आलं. शाळेच्या अनुदानातला काही हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा असतो. सरांनी त्यातून ब्रश आणि पेस्टी घेतल्या होत्या. परीक्षक साहेब खुर्चीत तिरपे बसलेले, एक गाल हातात. त्यांनी आक्षेप काढला: स्वच्छता म्हणजे फिनेल, झाडू, हार्पिक. तोंड शाळेच्या आवारात येतं का?

सर म्हणाले, ‘दहा ते पाच येते साहेब.’

‘बरं, ब्रश ही टिकाऊ वस्तू की उपभोग्य? टिकाऊ असेल तर डेडस्टॉकला नोंद दाखवा. वापरलेले परत जमा करून निर्लेखनाचा प्रस्ताव कुठाय?’

सरांनी मागच्या खोलीतून खोकं आणलं. बोथटलेले ब्रश त्यांनी खरंच जमा केलेले होते, दर तीन महिन्यांनी, नावासकट; म्हशीचाही होता. साहेब खोक्याकडे बघत राहिले आणि बघता बघता त्यांच्या तोंडून कण्हणं निघालं. सरांचा हात खिशात गेला.

‘साहेब, आ करा.’

‘अहो, मी इथं तपासणीला आलोय.’

‘मी बी. आ करा.’

आक्षेप कायम राहिला, तो आजही आहे, परिच्छेद क्रमांकासकट. पण त्याच दुपारी साहेब सरांच्या फटफटीवर मागे बसून मूर्तिजापूरला गेले. खालची सहावी दाढ. वाचली. डॉक्टरांना पैसे देताना साहेबांनी पावती मागितली आणि तिच्यावर तारीख नाही म्हणून दुसरी मागितली.